शेताचें नांव

गेल्या वर्षी मार्चमध्ये आजीला घेऊन वाळपईला, गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याच्या ठिकाणी, गेले होते. आजी ८६ वर्षांची, कान थोडे मंद झालेत पण नजर अजून टणक. सकाळची बस पकडून गेलो, बाजारात उतरलो, भाजी-पाव खाल्ला आणि तिथेच बाकावर बसून मी तिच्यासमोर आमच्या कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, एक-चौदाचा जमिनीचा उतारा उघडला, कारण ज्या कागदावर सही करायची तो आधी तिला कळला पाहिजे असं मला वाटत होतं. मी एकेक रकाना वाचून दाखवला. सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, क्षेत्रफळ, आजोबांचं नाव. ती सगळं ऐकून घेत होती, शेवटी म्हणाली, "आनी व्हाळ खंय?"

म्हणजे ओढा कुठे. आमच्या कुळागराच्या खालच्या अंगाला जो व्हाळ वाहतो, ज्याचं पाणी पाटानं सुपारीला येतं, ज्याच्या पलीकडे आमची हद्द संपते, तो या कागदात कुठेच नाही. मी सांगितलं की तो नकाशात असेल, वेगळा प्लॅन असतो, त्यात निळी रेघ असते. तिला ते पटलं नाही. तिच्या हिशेबानं व्हाळ नसेल तर ती जमीन आमचीच आहे की दुसऱ्याची हे कळणार कसं.

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलाच नाही, म्हणून हे लिहितेय. आमच्या सत्तरी तालुक्याबद्दल बाहेर लोकांना धबधबे माहीत असतात, चोर्ला घाट माहीत असतो, पण तालुका चालतो कसा, कचेरी कुठे, कोर्ट कुठे, कुठल्या कागदावर कुणाचं नाव आणि का, हे फारसं कुणी लिहीत नाही, आणि आमच्याकडे तर माणसाचं अर्धं आयुष्य त्याच कागदांभोवती फिरतं.

आधी उताऱ्याचं सांगते. महाराष्ट्रात सातबारा म्हणतात ना, तसा आमच्याकडे एक-चौदा, नमुना नंबर १ आणि १४. मुक्तीनंतर १९६८ ची जमीन महसूल संहिता आली आणि मग सत्तरच्या दशकात गावोगाव सर्व्हे झाला, त्यातून हे उतारे तयार झाले. हल्ली ऑनलाईन पण निघतो. पण तो नीट वाचून बघा, त्यात अख्खा गोवा दिसतो. जमिनीचे प्रकार लिहिलेले असतात, जिरायत, बागायत, तरी (म्हणजे भाताची), खाजन, केर, मोरड. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली खारी जमीन, ती किनाऱ्याकडच्या तालुक्यांत, आमच्या उताऱ्यावर त्या रकान्यात नेहमी शून्य. मोरड म्हणजे वरच्या अंगाची, पावसाच्या पाण्यावरची भातजमीन, ती आमच्याकडे ठिकठिकाणी. खाली आकार, फोर, प्रेदियाल असे रकाने आहेत, त्यातले फोर आणि प्रेदियाल हे पोर्तुगीज काळातल्या जमिनीवरच्या देण्यांचे शब्द, १९६१ ला पोर्तुगीज गेले तरी हे दोन शब्द कागदावर राहिलेच. मग कब्जेदाराचं नाव, कुळाचं नाव, इतर हक्क.

आणि सगळ्यात वर, तालुका आणि गावाच्या पाठोपाठ, एक रकाना आहे 'शेताचें नांव'.

मला खरंच त्या दिवसापर्यंत तो रकाना दिसलाच नव्हता. सर्व्हे नंबर बघायचा, क्षेत्रफळ बघायचं आणि नावं बघायची, एवढंच आपण करतो. आमच्या उताऱ्यावर तिथे रोमन अक्षरांत एक शब्द होता, आधी मला वाचताच येईना, मग दोनदा मोठ्यानं वाचला तेव्हा आजी हसली आणि म्हणाली, व्हाळामळ. व्हाळाकडचा मळा. म्हणजे सर्व्हेवाले जेव्हा गावात आले होते तेव्हा कुणीतरी, बहुतेक आजोबांनीच, त्यांना त्या जागेचं नाव सांगितलं आणि ते कागदावर गेलं. व्हाळ होता कागदावर, फक्त आम्हाला वाचता येत नव्हता.

आता सत्तरी. सत्तर गावांची म्हणून सत्तरी असं सगळे सांगतात. उत्तर गोव्याच्या पूर्वेच्या टोकाला, क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेला लोकसंख्या ६४ हजारांच्या आतबाहेर, म्हणजे जमीन भरपूर आणि माणसं थोडी. उत्तरेला दोडामार्ग, पूर्वेला बेळगाव-खानापूरचा डोंगर, पश्चिमेला डिचोली, दक्षिणेला फोंडा आणि धारबांदोडा. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सोसोगड आमच्याच तालुक्यात, हजार मीटरच्या वर. वाघेरीचा डोंगर आहे, मोर्लेचा गड आहे. पाऊस तर विचारू नका, गोव्यात जिथे सगळ्यात जास्त पडतो त्या ठिकाणांत वाळपई दरवर्षी असतेच. आणि म्हादई. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम, मग डोंगर उतरून सत्तरीत येते, सोनाळ, सावर्डे, गांजे करत पुढे जाते, आणि खाली पणजीला पोचते तोवर लोक तिला मांडवी म्हणायला लागतात. पणजीच्या मैत्रिणींना मी नेहमी सांगते की तुमच्या पुलाखालचं पाणी आमच्या दारावरून आलंय.

जुलै २०२१ मध्ये हेच पाणी कसं आलं ते ज्यांनी बघितलं ते विसरणार नाहीत. म्हादई आणि रगाडा दोन्ही फुगल्या, घरं कोसळली, पाईकूळचा पूल गेला. पूल गेला म्हणजे फक्त रस्ता जात नाही, पलीकडच्या लोकांची शाळा, दवाखाना, रेशन, कचेरी सगळंच एका रात्रीत लांब जातं. डोंगरातल्या तालुक्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. सुर्ला गाव नकाशावर बघाल तर सत्तरीत, पण ते वर पठारावर, घाट उतरून केरीला या, तिथून वाळपईला या, एका दाखल्यासाठी अख्खा दिवस जातो. चरावणे, हिवरे, कुमठळ, करंझोळ, रानाच्या कुशीतली गावं, बस चुकली की झालं.

कारभार असा. बाहेर तहसीलदार म्हणतात तो आमच्याकडे मामलेदार, त्याची कचेरी वाळपईला. त्याच्या वर उपजिल्हाधिकारी, तोच उपविभागीय अधिकारी, आणि त्याच्या वर पणजीला जिल्हाधिकारी. वाळपईला नगरपालिका, बाकी गावांना १२ पंचायती, होंडा, पिसुर्ले, पर्ये, मोर्ले, केरी, ठाणे-डोंगुर्ली, नगरगाव, सावर्डे, खोतोडे, गुळेली, भिरोंडा, म्हाऊस. जिल्हा पंचायतीचे तीन मतदारसंघ, होंडा, केरी, नगरगाव. विधानसभेचे दोन, वाळपई आणि पर्ये. तलाठी, सर्कल इन्स्पेक्टर, अव्वल कारकून ही माणसं आमच्यासाठी मंत्र्यापेक्षा महत्त्वाची, कारण रोजचं काम त्यांच्याशी.

आणि मामलेदार हा नुसता दाखले देणारा नाही हे लक्षात घ्या, तो एका अर्थानं आमचं पहिलं कोर्टच आहे. कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा, आणि १९६६ चा मामलेदार न्यायालय कायदा, ज्यात पाण्याची वाट अडवली, जायची वाट बंद केली असली भांडणं येतात. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत ज्याचं घर आहे तो मुंडकार, त्याला घरातून हाकलता येत नाही आणि घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क आहे. हे कायदे झाले तेव्हा गावातल्या कित्येक माणसांना पहिल्यांदा आपल्या छपराखाली निश्चिंत झोप लागली असेल.

मोठं भांडण असेल तर मग खरं कोर्ट. वाळपईला कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी बसतात. त्याच्या वर डिचोली, मग जिल्हा आणि सत्र न्यायालय मेरशीला, आणि सगळ्यात वर मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा पीठ, ते २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत. गोव्यात पोर्तुगीजांनी १५४४ ला रेलासांव नावाचं वरिष्ठ न्यायालय काढलं होतं, मुक्तीनंतर ते गेलं, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट आलं, आणि १९८२ ला मुंबईचं पीठ. कोर्टाच्या तारखेला वाळपईत फिरलात तर लगेच कळतं कोण कशासाठी आलंय. काळ्या कोटातले वकील, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन उभे असलेले म्हातारे, आणि त्यांच्यासोबत एखादा शिकलेला नातू, ज्याला सगळे विचारतात "कितें म्हणटा तो". त्या दिवशी आजीसोबतची ती नात मी होते.

आमचं काम काय होतं ते सांगते, कारण त्यातून गोव्याचा कायदा कळतो. आजोबा गेले तेव्हा कुणी म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर वारसांची नावं चढवणं, केलंच नाही, मग दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. उताऱ्यावर मात्र अजून आजोबांचंच नाव. दादा म्हणाला आता नको थांबूया. सगळ्यांचं एकमत होतं, त्यामुळे सब-रजिस्ट्रारपुढे साक्षीदार घेऊन सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण त्याचा दस्त, करायचं आणि मग त्यावरून म्युटेशन. साधं वाटतं, पण आमच्या गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून लागू झाली आणि तिचा कौटुंबिक भाग मुक्तीनंतरही चालू राहिला, वारसाहक्काचं आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आलंय पण गाभा तोच आहे. लग्न झालं की वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एक, दोघांची अर्धी अर्धी. नवरा गेला तर बायकोचा अर्धा तिचाच, तो वारशानं मिळत नाही, तो मुळातच तिचा असतो. उरलेल्या अर्ध्यात मुलगा मुलगी सगळे समान.

म्हणजे आजोबांच्या कुळागरात अर्धं आजीचं. उरलेल्या अर्ध्यात बाबा आणि आत्या. बाबांच्या त्या पावात अर्धं आईचं, उरलेलं दादाचं आणि माझं. माझा वाटा सोळावा. आणि लग्नामुळे त्या सोळाव्यात माझ्या नवऱ्याचाही हक्क, म्हणून त्याची सही, वहिनीची सही, आत्याच्या नवऱ्याची सही. एका कुळागराला आठ माणसं.

काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, साखळीहून यायचं होतं आणि ते पायानं अधू आहेत. तरी आले. माझा नवरा डिचोलीहून कामावर सुटी टाकून आला. बाहेरच्या राज्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं की जावयाची सही कशाला. मी तिला सांगितलं की बघ, तुमच्याकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात आणि सगळे गप्प बसतात, आमच्याकडे बहीण आणि तिचा नवरा समोर येऊन बसल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. मला याचा अभिमान आहे. आजी निरक्षर नाही पण चौथीपर्यंतच शिकलेली, तिला कुणी कधी 'अर्धं तुमचं' असं तोंडानं सांगितलं नव्हतं. साक्षीदारांसमोर ते वाचून दाखवलं गेलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. नंतर बसमध्ये हळूच विचारलं, "अर्दें म्हजें?" मी म्हटलं हो आजी, लग्न झालं त्या दिवसापासून. ती होंड्यापर्यंत काही बोललीच नाही.

एकमत नसतं तर इन्व्हेंटरी घालावी लागली असती. इन्व्हेंटरी म्हणजे कोर्टात मयताच्या सगळ्या मालमत्तेची यादी होते, एक वारस काबेसा द काझाल म्हणून नेमतात, तो घराचा कर्ता म्हणून यादी देतो, मग किंमत ठरते, आणि वाटणी जमत नसेल तर वारस आपसात बोली लावतात. ज्याची बोली मोठी त्याला ती जागा आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे. भाऊ भावाविरुद्ध बोली लावतो, त्याच घरासाठी ज्याच्या अंगणात दोघं खेळले. कायद्याच्या दृष्टीनं ते अगदी स्वच्छ आहे, सगळं उघड्यावर, कुणाचा हिस्सा कुणी गिळत नाही. पण आमच्या ओळखीत एका घरानं ते केलं आणि चवथीला तेव्हापासून गणपती एकच असला तरी आरतीला दोन भाऊ दोन वेगळ्या वेळेला येतात.

भाषेचं पण सांगायलाच हवं. आम्ही घरात कोकणी बोलतो, सत्तरीची आमची कोकणी, लिहितो वाचतो मराठीतून, आजीची पोथी मराठी, भजन मराठी, गावच्या नाटकाची वही मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आणि मराठीचा पण शासकीय कामासाठी वापर करता येईल असं आहे. कोर्टाचा कागद मात्र इंग्रजी. आणि जुना कागद पोर्तुगीज, त्याच्याही मागचा असेल तर मोडी. म्हणजे एका जमिनीची गोष्ट समजून घ्यायला आजी, नातू, वकील, पोर्तुगीज भाषांतर करणारा आणि मोडी वाचणारा अशी पाच माणसं लागतात.

आता त्यातली दुखरी बाजू. कुळागर आमच्या नावावर होऊ शकलं कारण आजोबा कूळ होते आणि १९७६ च्या दुरुस्तीनं कसणाऱ्या कुळाला मालक मानलं, आजोबांनी तेव्हा कागदपत्रं करून घेतली. पण कुळागराच्या वर जो काजूचा डोंगर आहे, जिथे आजीनं पन्नास-साठ वर्षं काजू वेचले, बोंडू मळले, जिथली प्रत्येक झाडाची जागा ती डोळे मिटून सांगेल, त्याचा उतारा काढला तर कब्जेदार म्हणून दुसऱ्याच घराण्याचं नाव. आमचं कुठेही नाही, इतर हक्कातही नाही.

असं एकट्या आमच्याच बाबतीत नाही. सत्तरीतल्या गावंच्या गावांची हीच स्थिती. मोकासा आणि आल्वारा हे शब्द आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतात. सत्तरी ही नवी काबिजाद, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेला मुलूख. तिसवाडी, बारदेश, सासष्टी पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकातच गेली, आमचा भाग अठराव्या शतकात. तोपर्यंत इथे राणे सरदारांची सत्ता होती आणि पोर्तुगीजांना ती मान्य करून चालावं लागलं. गावं मोकासा म्हणून सरदार घराण्यांकडे राहिली, काही जमिनी सरकारनं आल्वाऱ्यानं, म्हणजे सरकारी परवान्यानं, दिल्या, आणि जो प्रत्यक्ष कसत होता त्याचं नाव कागदावर यायचं काही कारणच नव्हतं. मग सर्व्हे झाला तेव्हा जो कागद दाखवू शकला त्याचं नाव लागलं.

राण्यांचा इतिहास दुसऱ्या बाजूनं पण बघायला हवा, तो मला मनापासून मोठा वाटतो. २६ जानेवारी १८५२ ला दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि जाचक करांविरुद्ध उठाव केला, तो तीनेक वर्षं चालला. पुढे कुष्टोबा राणे उठले. १८९५ ला मराठा सैनिकांना आफ्रिकेत मोझांबिकला पाठवायचा हुकूम निघाला, त्यांनी नकार दिला आणि नाणूसला येऊन बसले, दादा राणे त्यांच्यासोबत उभे राहिले, ते मोडायला थेट पोर्तुगालहून राजघराण्यातला माणूस फौज घेऊन आला. आजही २६ जानेवारीला लोक नाणूसला जाऊन मानवंदना देतात. म्हणून सत्तरीत जमिनीचा विषय काढला की माणसं एकाच वेळी अभिमानानं आणि दुखावून बोलतात, दोन्ही खरं आहे.

त्यात रान. १९९९ ला राष्ट्रपती राजवट होती, राज्यपाल जेकब होते, तेव्हा म्हादई अभयारण्य जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर. तालुक्याच्या ४९० पैकी २०८, म्हणजे बघा किती. मी अभयारण्याच्या बाजूची आहे हे स्पष्ट सांगते, ते नसतं तर आज डोंगरांचं काय झालं असतं ते शेजारच्या खाणपट्ट्यात बघून या. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले तेव्हा मी रडले होते. जुलै २०२३ ला उच्च न्यायालयानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण रानातल्या वाड्यांवरच्या माणसांचे हक्क आधी कागदावर ठरवून टाकले असते तर वाघ आणि माणूस असं समोरासमोर भांडण लागलंच नसतं, हे मी ठामपणे म्हणते. ज्याच्या हातात कागद नाही त्याला प्रत्येक नवी घोषणा म्हणजे घर जाणार असंच वाटतं. शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जागा घेणार म्हटल्यावर गाव कसा उभा राहिला ते जानेवारी २०२१ ला सगळ्यांनी पाहिलं, बायका पुढे होत्या, आणि शेवटी १५ जानेवारीला प्रकल्प तिथून हलवत असल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. तिथेही मुळात प्रश्न हाच, वर्षानुवर्षं कसतो आम्ही आणि उताऱ्यावर आम्ही नाही.

म्हादईच्या पाण्यासाठी तर तीन राज्यांचा लवाद बसला, २०१० ला नेमला, निकाल १४ ऑगस्ट २०१८ ला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. कळसा-भंडुरा या कर्नाटकाच्या पाणी वळवायच्या प्रकल्पाचं काम तिकडे वर, पण चटका आमच्या व्हाळांना बसणार. म्हादई म्हणजे नकाशावरची एक रेघ नाही हो, ती असल्या हजार व्हाळांची आहे, ज्यांची नावं उताऱ्यावरच्या त्या एका रकान्यात कुठेकुठे सापडतात.

वन हक्क कायद्याबद्दल मला वाळपईच्याच त्या फेऱ्यांमध्ये नीट कळलं. २००६ चा कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो रानजमीन कसतो त्याला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. आदिवासी नसेल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. गावची वन हक्क समिती जागेवर जाऊन बघते, ग्रामसभा ठराव घेते, मग तो उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे. आणि पुरावा म्हणून काय चालतं, तर जुना कागद चालतोच, पण विहीर, बांध, जुनं जोतं, हे पण चालतं, आणि दावा करणाऱ्याखेरीज गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं म्हणणं पण चालतं. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. म्हणजे आजीला जे माहीत आहे ते पुरावा आहे.

आमच्या काजूच्या डोंगराला हा कायदा लागत नाही, ती जागा रानाची नाही, मोकाशाची आहे, तिथे वेगळाच मार्ग आणि तो अजून कुठे पोचलेला नाही. पण शेजारच्या वाड्यावरच्या एका कुटुंबाचा वन हक्काचा दावा आहे, आणि त्यांना म्हातारं माणूस हवं होतं. आजीनं लगेच होकार दिला.

मे महिन्यात ते झालं, पाऊस यायच्या आधी. पंचायतीत नाही, त्यांच्याच अंगणात, फणसाखाली खुर्च्या टाकून. समितीतला एक मुलगा वही घेऊन बसला आणि आजीनं सांगायला सुरुवात केली. अमक्या देवचाराच्या जागेपासून वर जा, तिथे भेंड्याचं झाड होतं ते चौऱ्याऐंशीच्या पावसात पडलं, त्याच्या बाजूनं बांध, तो या पोराच्या आज्यानं घातला, मी लग्न होऊन आले त्या वर्षी घालत होते, मी त्यांना पेज नेऊन दिली होती. बांधाच्या खाली झर, झरीच्या खाली व्हाळ. व्हाळाचं नाव सांगितलं. तो मुलगा मराठीत लिहीत होता, मध्ये थांबून स्पेलिंग विचारल्यासारखं विचारायचा, आजी, ळ की ल? आणि आजी पुन्हा सावकाश म्हणून दाखवायची. दीड तास. तीन पानं भरली. मग त्यानं सगळं परत वाचून दाखवलं आणि तिनं खाली सही केली, चौथीतल्या मुलीसारखी गोल गोल अक्षरं.

आमच्या कुळागराचा नवा उतारा जूनमध्ये आला, त्यावर आठही नावं आहेत, पहिलं आजीचं. दादानं फोटो पाठवला, मी तिला फोनवर मोठा करून दाखवला. तिनं तो बघितला, बरं म्हणाली. मग विचारलं की त्या पोरांच्या कागदाचं काय झालं. मी म्हटलं ग्रामसभेत ठेवायचाय अजून.

"पूण व्हाळ बरयला मगो तातूंत?"

हो आजी, बरयला. लिहिलाय.